उलट्या आट्यांचा दरवाजा

१२ मार्च, रविवार
प्रयोगशाळा, तलावकाठ

तीर्थस्वरूप ताईच्या चरणी तिच्या कनिष्ठ, स्थूल आणि सांप्रत निद्राहीन बंधूचा साष्टांग नमस्कार. उदर आड येत असल्याने आठांपैकी सातच अंगे भूमीस टेकली आहेत. तेवढी गोड मानून घे.

दाजींच्या मस्तकाचे टाके सुकत असल्याचे तुझ्या कन्येने कळवले आणि जीव भांड्यात पडला. दूरध्वनीवर तू रडतेस आणि मी विनोद करतो. ही जुगलबंदी प्रशस्त नव्हे, म्हणून हा पत्रप्रपंच.

त्या मंगळवारी काय घडले, असे तू विचारतेस. तर श्रवण कर.

नगरीचे सांडपाणी आम्ही तीनदा गाळून, जंतुहीन करून या तलावात सोडतो आणि तलावातून ते पुनश्च शुद्ध होऊन सर्वांच्या नळाला येते, हे तू जाणतेसच. चाळीस वर्षे नळकाम करणाऱ्या दाजींना हे कदापि पटले नाही. "मेहुणे, तुमचं शास्त्र तुमच्यापाशी. गटार ते गटारच," हे त्यांचे सुभाषित मी दोन वर्षे तुझ्या घरी प्रत्येक घासासोबत गिळत आलो आहे.

अकराच्या सुमारास दोनशे माणसे फाटकावर उभी ठाकली. अग्रभागी दाजी, हाती पाइपपाना. प्रथम घोषणा झाल्या, मग दगड. पहारेकऱ्याचे दोन दात त्याच्याच शिट्टीसह घशात गेले. गाळणगृहाच्या काचांचा सडा पडला. ज्या गाळण्यांतून पाणी निर्मळ होऊन निघते, त्या पहारींनी चेचल्या गेल्या. आमच्या सहायक रसायनज्ञ बाईंना केस धरून जिन्यावरून फरफटवले आणि "पी, आधी तूच पी!" म्हणत त्यांच्या मुखात गाळ कोंबला. बाईही काही कमी नाहीत. त्यांनी कोंबणाऱ्याचा अंगठा असा चावला की तो गृहस्थ यापुढे निषेधपत्रांवर अंगठा उठवण्यासही असमर्थ ठरावा. इतक्यात कोणीतरी वीज तोडली.

या महासमरात तुझा बंधू कोठे होता? प्रयोगशाळेतील मेजाखाली, आम्लाच्या बाटल्यांच्या सहवासात, ध्यानस्थ.

दाजींवर प्रहार कोणी केला, हे मेजाखालून दिसत नाही. पोलिसांनी आमच्या वॉल्व्हमन काकांना लोखंडी दांड्यासह पकडले आहे. काय ते तेच पाहून घेतील.

दाजींना सफरचंदे सोलून दे आणि तूही चार घास खात जा.

मेजाखालून,
तुझा धाकटा


१९ मार्च, रविवार

ताई,

तुझे पत्र पोचले. चारच ओळी. "तू तिथे होतास. सोमवारी ठाण्यात जाऊन साक्ष दे आणि त्या काकाला आत टाक. माझ्यासाठी एवढं कर. आयुष्यात एकदा तरी नीट वाग."

मी मेजाखाली नव्हतो.

तलावाच्या मुखाशी एक यंत्र अहोरात्र पाण्याची नाडी धरून बसलेले असते. पाणी बिघडताच ते लोखंडी दरवाजा आपणहून खाली सोडते आणि बिघडलेले पाणी बाजूच्या चरात वळते. त्या दिवशी वीज नव्हती, यंत्राचा चुरा झाला होता, गाळण्या फुटल्या होत्या आणि दरवाजा अर्धा उघडा होता. कच्चे सांडपाणी सरळ तलावात निघाले होते. अशा वेळी तो दरवाजा चाक फिरवून हातानेच बंद करावा लागतो. मी धावलो. चाकात अडकवायचा दांडा घेऊन काकाही धावले.

दाजी आमच्याआधी तेथे पोचले होते. तेही दरवाजा बंद करायलाच आले होते. त्यांच्या बाजूने एवढे लिहिलेच पाहिजे.

जगातले यच्चयावत नळ उजवीकडे फिरवले की बंद होतात. आमच्या दरवाजाला गेल्या वर्षी दुरुस्तीत उलट्या आट्यांचा स्क्रू बसला. तेव्हापासून चाक डावीकडे फिरवले की तो मिटतो. हे काकांना ठाऊक आणि मला ठाऊक. दाजी घाम गाळीत उजवीकडे फिरवत होते, आणि फेऱ्यागणिक दरवाजा दोन बोटे वर चढत होता.

तेथे पाटी का नव्हती, असे तू विचारशील. काकांनी तीन महिन्यांपूर्वी मजकूर लिहून दिला होता: 'बंद करायला डावीकडे फिरवा.' मला तो ग्राम्य वाटला. मी तो खोडून 'पिधानार्थ वामावर्त भ्रमण करावे' असे लिहिले. मग 'वामावर्त' अधिक भारदस्त की 'अपसव्य', या विवंचनेत कागद खणात ठेवला. अजून तेथेच आहे.

मी ओरडलो, "दाजी, उलटं! डावीकडे फिरवा, तुम्ही उघडताय!"

ते हसले. "आजसुद्धा थट्टा, मेहुणे? मला नळ शिकवता?"

"शपथ घेऊन सांगतो!"

"तुमच्या शपथा वीस वर्षं ऐकतोय. व्हा बाजूला."

काका म्हणाले, "अहो, साहेब खरं बोलतायत."

"तू गप रे, साहेबाचा चमचा!" म्हणत दाजींनी त्यांच्या पोटात लाथ घातली. काका कोसळले. दांडा घरंगळत माझ्या पायाशी आला.

पहिला घाव मी मनगटावर घातला. हाड कातडीखाली सरकलेले मला दिसले. दाजींनी चाक सोडले.

त्यांनी चाक सोडले होते, ताई. मोडका हात पोटाशी धरून ते माझ्याकडे पाठ करून निघालेही होते. जाता जाता एवढेच म्हणाले, "अरे वा! विदूषकाला हात पण आहेत!"

दुसरा घाव त्यानंतरचा. मागून, डोक्यावर. ते गुडघ्यांवर बसले, मग तोंडावर पडले. मी तिसराही उगारला होता. काकांनी माझा हात पकडला, दांडा हिसकला, आणि तो चाकात अडकवून डावीकडे फिरवू लागले. पोलीस आले तेव्हा दांडा त्यांच्या हाती होता आणि दांड्याला दाजींचे केस चिकटले होते. मी भिंतीला टेकून उभा होतो.

अकरा मिनिटे कच्चे पाणी आत गेले. आम्ही पुरवठा बंद ठेवला, तलावाच्या चारी अंगांचे नमुने रोज तपासले. काल ते निर्धोक निघाले आणि आज सकाळी नळ सुरू झाले. दाजींच्याबरोबर आलेले दोनशेही आज तेच पाणी पीत असतील.

ठाण्यात काकांच्या दोन बरगड्या मोडल्या. प्रत्येक फटक्याला ते एकच वाक्य म्हणतात: "काय झालं ते साहेब सांगतील." पोलिसांनी मला विचारले. तुला आधी लिहिले तेच, मेजाखालचे, मी त्यांना सांगितले. दाजींना त्या दिवसाचे काही आठवत नाही, हे मला तुझ्या कन्येकडून कळले होते.

काल काकांची बायको प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"साहेब, ते म्हणतात तुम्ही सांगाल. कधी सांगाल?"

मी तिला पाणी विचारले, ताई. पाणी! ती निघून गेली.

उद्या दहा वाजता मी ठाण्यात जाईन. सही करीन, पण ती माझ्या जबाबावर. तो लिहून ठेवला आहे, एकाच ओळीचा: दाजींना मी मारले, एकदा तलावासाठी आणि एकदा रागाने. त्यानंतर मला घरी सोडतील असे वाटत नाही. किल्ल्या रसायनज्ञ बाईंकडे देऊन ठेवल्या आहेत आणि पाटीचा मजकूर काकांचाच रंगवायला सांगितला आहे.

हे पत्र दाजींना वाचून दाखव. डाव्या कानाने त्यांना यापुढे ऐकू येणार नाही, असे डॉक्टर म्हणतात. तेव्हा उजव्या बाजूला बैस. मोठ्याने वाच. 'एकदा रागाने' हे शब्द गाळू नकोस. ते म्हणतील, ही मेहुण्यांची थट्टाच असणार. तू त्यांना काय सांगायचे, ते मी सांगणार नाही.

तुझा धाकटा,
ज्याने तुझ्या नवऱ्याला मागून मारले