मागे १

कोल्हापूर, १९ जानेवारी २००९

प्रिय प्रीती,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. अक्षराला हसू नकोस, दहावीपर्यंत कन्नड शाळेत शिकलेलीला एवढंच जमतं.

तू नोकरी सोडून तीन आठवडे झाले. ऊसतोडीच्या पाळ्यांचा प्रोग्राम तिथंच अडलाय. तुझ्या कॉम्प्युटरवरचं आठ दिवसांचं काम पुसलं गेलं तेव्हा प्रभुलिंग सर सगळ्यांदेखत म्हणाले, "मशीन तुझं हाय की, दुसरं कोण पुसणार?" तू डबा उचललास आणि गेलीस. मी गप्प बसले. झालं असेल हिच्याकडून चुकून, असं माझ्याही मनात आलं होतं. त्याची आता लाज वाटते.

गेल्या आठवड्यात सरांनी मला नव्या लोकांसाठी मराठीत गिटची माहिती लिहायला बसवलं, आपल्या कामाची प्रत्येक नोंद जपणारा प्रोग्राम म्हणजे काय ते सोप्या शब्दांत. ब्रांच म्हणजे नुसतं नाव, शेवटच्या नोंदीवर ठेवलेलं. रिसेट केलं की ते नाव मागच्या नोंदीवर जातं, पण पुढच्या नोंदी लगेच मरत नाहीत. नाव आधी कुठं होतं, कधी हललं, कोणत्या कमांडनं हललं, हे गिट रिफ्लॉगमध्ये लिहून ठेवतं. सुटलेल्या नोंदी तिथं साधारण महिनाभर सापडतात. आपल्यापैकी कुणालाच हे ठाऊक नव्हतं, सरांनाही नाही. उदाहरण हवं म्हणून मी तुझ्या मशीनवर रिफ्लॉग उघडला.

रिसेट सापडला. शुक्रवार, दुपारी पावणेबारा. करणाऱ्याचं नाव तुझं, कारण त्या मशीनवरून कुणीही काही केलं तरी तुझंच नाव पडतं. पण त्या शुक्रवारी तू गारगोटीला होतीस, धोंडुबाई मावशीच्या डोळ्याच्या ऑपरेशनला. पुसलेल्या नोंदी नऊ होत्या. आठ तुझ्या, आणि सगळ्यात वरची त्याच सकाळची, माझी.

माझं मशीन दुरुस्तीला गेलं होतं, म्हणून मी तुझ्या खुर्चीत बसले होते. माझी ती एक नोंद चुकली होती, तेवढीच काढायची होती. मॉनिटरला तुझी चिठ्ठी होती, कमांड इंग्रजीत आणि आकडा सवयीनं मराठीत: मागे १. मी तो १ इंग्रजी नऊ वाचला, तसाच टाइप केला, माझी नोंद गेलेली बघितली आणि चहाला उठले. प्रीती, तुझं काम मी पुसलं. माझं चुकलं. आज सकाळी नऊही नोंदी परत आणल्या आणि तू जिथं उभी होतीस तिथंच उभं राहून सगळ्यांना हे सांगितलं. सर म्हणाले, "प्रीतीला मी स्वतः भेटाय जातो." ते उद्या गडमुडशिंगीला तुझ्या घरी येतील. कामावर परत यायचं की नाही ते तू ठरव, पण त्यांच्या आधी हे तुला माझ्याकडून कळायला हवं, म्हणून हे पत्र आजच तुझ्या घरी देऊन जाते.

तुझीच,
महादेवी