भाऊबिजेला मागितलेला रस्ता

आई, काल तुझ्या पुलावरून आले. गाडीत मी आणि पुण्याचे दोन साहेब. त्यातला एक, वयानं माझ्या निम्मा, मला समजावून सांगत होता की दोन तालुक्यांनी मिळून नियोजन केलं तर काय होऊ शकतं याचं हा पूल म्हणजे उत्तम उदाहरण. मी म्हटलं, हो का. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस आणि मग त्याला विचारलं असतंस, बाबा, जेवलास का. मी मात्र खिडकीतून मामाच्या रानाकडं बघत बसले.

अशा लोकांपुढं बोलणं हेच आता माझं काम झालंय. गावोगावच्या सरपंचांना, बचत गटाच्या बायकांना बोलावतात आणि मी त्यांना तुझी गोष्ट सांगते. लोकसहभाग म्हणतात त्याला. एका बाईनं भाऊबिजेला भावाकडून गावासाठी जागा मागून घेतली, इथवर आले की टाळ्या पडतात. मग चहा येतो. टाळ्यांच्या पुढं काय झालं ते मी कधी सांगत नाही, आणि कुणी विचारतही नाही. लोकांना पूल झाला एवढं पुरतं. मला पुरत नाही, म्हणून हे लिहायला बसलेय.

तुझं माहेर होतं तेही कसं, तर डोळ्यांसमोर. भीमा म्हणजे तालुक्याची हद्द. अलीकडं आपण दौंडवाले, पलीकडं तुझे शिरूरवाले. आजीनं वाळत घातलेलं लुगडं कुठलं, हे तू आपल्या परसात उभी राहून सांगायचीस. नदीचं पाणी उतरलं की आपण गुऱ्हाळाच्या जुन्या काहिलीत बसून पलीकडं जायचो. ज्या कढईत गूळ शिजायचा तिच्यातच माणसं, आणि आप्पा बांबूनं रेटतायत. मला काय मजा वाटायची! तू मात्र दोन्ही हातांनी काठ धरून, डोळे मिटून, देवाचं नाव घेत बसायचीस, आणि पलीकडं पाय टेकला रे टेकला की अशी तरातरा चालायला लागायचीस की आप्पा म्हणायचे, आता ही आपल्याला ओळखायची नाही. पावसाळ्यात वरच्या धरणाचं पाणी सुटलं की काहील बंद. मग एसटीनं चौफुल्याला जायचं, तिथं ताटकळायचं, दुसरी गाडी धरून लांबच्या पुलावरून न्हावऱ्याला, आणि तिथून पुढं चिखलातून चालत. समोर दिसणाऱ्या घरी पोचायला अख्खा दिवस.

आजी गेली ती अशाच पाण्याच्या दिवसांत. पलीकडच्या काठावर माणसं जमलेली दिसली तेव्हाच तू काय ते ओळखलंस. आपण निघालो. चौफुल्याला गाडी चुकली. तिकडं पाऊस थांबेना, मामानं तुझ्यासाठी खूप वेळ थांबवून धरलं म्हणे, पण गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी पुढं थांबू दिलं नाही. तू पोचलीस तेव्हा बघायला राखच होती. मामा तुझ्या गळ्यात पडून रडला. त्याची माया खोटी होती असं मी कधीच म्हणणार नाही. परत आल्यावर एकदा चुलीपुढं भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणालीस, "ह्या नदीवर पूल झाल्याबिगर मी मरायची न्हाई." आप्पा हसले. मीही हसले. आपल्या घरात तुझ्या बोलण्याला तोवर कुणी हसण्यापलीकडं काही केलंच नव्हतं.

पुढं मी वरवंडला बारावी करून एका संस्थेत लागले. नदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांचा मिळून एक आराखडा करायचा, रस्ते, पाणी, शाळा, दवाखाना सगळं एकत्र बघायचं, असं ते काम. तोवर कुणी तसं बघितलंच नव्हतं. शिरूरचा नकाशा नदीच्या मध्यावर संपायचा आणि दौंडचा तिथून सुरू व्हायचा. पुलाला तर दोन्हीकडं टेकावं लागतं. इकडं विचारलं की म्हणायचे, तिकडून येऊ द्या. तिकडं विचारलं की म्हणायचे, आधी त्यांचं बघा. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. शेवटी आमच्या संस्थेनं दोन्ही गावांची मिळून एक सभा नदीच्या वाळूतच भरवली, आणि बायांना रांगोळी देऊन सांगितलं, तुम्हाला काय कुठं पाहिजे ते काढा. कुणी नळ काढला, कुणी दवाखाना. तू उठलीस आणि आपल्या परसापासून थेट आजीच्या दारापर्यंत एक सरळ रेघ ओढलीस. सगळे हसले. चुलत्यांनी तर विचारलंच, वहिनी, गावाचा पूल मागताय का स्वतःचा? तू म्हणालीस, दोन्हीचा. पण गंमत बघ, इंजिनिअर साहेबांनी पाहणी केली तर पुलाच्या पायाला लागतो तो वर आलेला खडक नेमका तुझ्या रेघेवरच निघाला. त्या दिवशी तुझ्या चालण्यात एक तोरा होता. सबंध गावानं तो बघितला.

पुलाला जोडणारा रस्ता दोन्ही गावांनी आपापल्या जागेतून फुकट द्यायचा, अशी अट होती. अलीकडची पट्टी आपली, आप्पांनी लगेच हो म्हटलं. पलीकडची मामाची. विहिरीलगतचं कांद्याचं रान, त्याच्या सगळ्या शेतातलं सोन्यासारखं. मामा प्रत्येक सभेला यायचा, टोपी मांडीवर ठेवून बसायचा आणि म्हणायचा, बघू. आपल्याकडं बघू म्हणजे काय, ते शेंबड्या पोरालाही कळतं. तुझे वडील गेले तेव्हा तू हक्कसोड करून दिली होतीस, त्यातली वीतभर जमीनही मागितली नव्हतीस, त्यामुळं त्या रानाशी आपल्या बहिणीचा काही संबंध आहे हे तो विसरूनच गेला होता. तिकडं साहेब लोक म्हणायला लागले, दिवाळीनंतर जागेचं पक्कं झालं नाही तर पूल खालच्या गावाला देऊ, ती माणसं तयार आहेत. मी तुला म्हटलं, आमच्या ऑफिसातली माणसं आणते, संमतीचा कागद घेऊन मामाच्या घरी जाऊ. केवढी उखडलीस माझ्यावर! हातातला झारा तसाच माझ्याकडं रोखून म्हणालीस, "माझ्या भावाच्या दारात कागद न्यायचा न्हाई. भावाकडं मागायची रीत येगळी अस्ती."

आणि मग ती भाऊबीज. मामा आलाय. पाटाभोवती तू सकाळीच रांगोळी घातलीयस. बाहेरच्या खोलीत सरपंच आणि गावातली चार मोठी माणसं बसलीत, तू त्यांना फराळाला बोलावलंयस, आणि सणाचं म्हणून बोलावलंय असंच मला वाटतंय. मामा पाटावर बसतो. तू कुंकू लावतेस, सुपारी ओवाळतेस, निरांजन ओवाळतेस. मामा पिशवीतून साडी काढतो, छान मोरपंखी रंगाची, तुझ्या आवडीची. ती ताटात ठेवायला हात पुढं करतो आणि तू ताट मागं घेतेस. निरांजन तसंच त्याच्या तोंडापुढं.

"औंदा साडी नको दादा. रस्त्याची जागा ओवाळणीत घाल."

मामा निरांजनाकडं बघत राहतो. ओवाळणी मागणाऱ्या बहिणीला नाही म्हणणारा भाऊ आपल्या मुलखात अजून जन्माला यायचाय, आणि बाहेर सरपंच बसलेत. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला आठवतात. "घातली," एवढंच म्हणतो. साडी ताटात न ठेवता पाटावरच ठेवतो आणि उठतो. बाहेरून सरपंच शाब्बास म्हणतात. तू आनंदानं बासुंदी वाढायला वळलीयस. तोवर मामा चपला घालून अंगणाबाहेर गेलेला असतो. बासुंदीची वाटी माझ्या हातात देऊन तू म्हणतेस, पळ, दे त्याला. मी पळत गेले. त्यानं मागं वळून बघितलं नाही.

बोलल्याप्रमाणं त्यानं जागा दिली. शब्दाचा पक्का होता. पुलाचं काम सुरू झालं, मुरमाचा भराव त्याच्या कांद्याच्या रानातून थेट विहिरीपर्यंत गेला, आणि तो एका शब्दानं कुठं कुरकुरला नाही. फक्त आपल्याकडं यायचा बंद झाला. तू राखी पाठवायचीस, तिचं पुढं काय व्हायचं कळायचं नाही. पुढच्या भाऊबिजेला तू पाट मांडून दिवेलागणीपर्यंत बसून राहिलीस. मग पाट उचललास आणि म्हणालीस, कांदा लावायचे दिवस हायत, सवड झाली नसंल. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच म्हणालीस. तिसऱ्या वर्षी नुसता पाट उचललास.

पूल झाला. अलीकडच्या पोरी सायकलवर न्हावऱ्याच्या शाळेला जायला लागल्या. दुधाच्या गाड्या सुरू झाल्या. बाळंतिणीला रात्री-अपरात्री नेता यायला लागलं. लोक येता-जाता तुला म्हणायचे, काकी, तुमच्यामुळं. तुला खरंच बरं वाटायचं, तोंडावर दिसायचं ते. संध्याकाळी काम आवरून तू पुलावर फिरायला जायचीस. निम्म्यापर्यंत. तिथं कठड्याला हात लावून उभी राहायचीस आणि परत फिरायचीस. मी एकदा चिडले. म्हटलं, अगं, पाय मोडलेत का, एवढा पूल बांधून घेतलास, चार पावलं पुढं जा की, जाऊन बस त्याच्या ओट्यावर, काय मारतोय का तो? तू माझ्याकडं असं बघितलंस की जशी मीच खुळी.

"लेकीनं न बोलावता म्हायेरी जायचं नस्तं. मुराळी यावा लागतो."

मुराळी म्हणजे माहेराहून न्यायला येणारा. तो तुझ्या बाबतीत कायम मामाच असायचा, काहिलीतून यायचा. तोच पुलावर कधी पाऊल टाकत नव्हता. दौंडला काम निघालं तर त्या जुन्या लांबच्या पुलानं वळसा घालून जायचा. आख्ख्या गावाला हे माहीत होतं, तुलाही. कुणी तुझ्यापुढं बोलायचं नाही. मला तेव्हा तुम्हा दोघांचा राग यायचा. अजूनही येतो. एवढी शहाणी माणसं, आणि नदीनं जेवढं तोडलं नव्हतं तेवढं तुम्ही तोडून बसलात.

तू गेलीस तेव्हा आप्पा होते, अहेव गेलीस. म्हणजे माहेरची साडी यायला पाहिजे, तीच नेसवून न्यायचं. बाया आपसांत कुजबुजायला लागल्या. मामाला फोन केला होता. येईल की नाही, कुणालाच सांगता येईना. कुणी म्हणालं, दुकानातून आणू आणि माहेरची म्हणू. मी नको म्हटलं. आप्पा पुलाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. आणि मामा आला. मोटारसायकल पलीकडंच लावून चालत आला, पायात काही नव्हतं, साडी छातीशी धरलेली. हिरवी. पूल संपला तिथं आप्पांनी त्याचा हात धरला. तुला त्या साडीत बघितलं आणि मी इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं फुटलं. आई, तुझा मुराळी आला होता. तू उठली नाहीस.

तेराव्याला सगळं आवरल्यावर मी त्याला पुलापर्यंत सोडायला गेले. म्हातारा झाला होता खूप. कठड्याशी थांबला, आपल्या रानाकडं बघितलं आणि म्हणाला, "मला इचारलं असतं तर दिली असती गं पोरी. दिवा तोंडापुढं धरून मागितली, मंग मी दिली कुठं? तिनं घेतली. मला द्यायचीच राहिली." मग उपरण्यानं डोळे पुसले आणि पलीकडं निघून गेला. हे तुला ठाऊक नाही, म्हणून सांगितलं. आता मामाही नाही.

मी तेव्हा मान डोलावली होती. हो मामा, तुम्ही दिलीच असती, असं म्हटलंही. पण मी त्या सगळ्या सभांना होते. त्याचं ते 'बघू' मी ऐकलेलं आहे. त्यानं दिली नसती, आई. हे तू ओळखून होतीस, म्हणून तर तू निरांजन धरलंस, सरपंचांना बसवलंस. त्यात आपलं काय जाईल हेही तुला कळत होतं, असं मी आता मानते, कारण तू भोळी होतीस असं मानलं तर मला झोप लागत नाही. पोरी शाळेत जातात, ते खरंच आहे. तुझं बरोबर होतं, असं मी परक्या लोकांपुढं उभी राहून सांगते, टाळ्या घेते, आणि घरी येते.

पण काल गाडीतून मामाचं रान दिसलं आणि पुन्हा तेच मनात आलं. त्याच्या घरी जाऊन, ओट्यावर बसून, सणवार नसताना, एकदा नुसतं विचारून बघायचं होतंस गं. नाही म्हणाला असता तर पूल खालच्या गावाला गेला असता. जाऊ दे की गेला असता तर. हे मी कुणापुढं बोलणार नाही, पण मला चाललं असतं.