ट्रॉलीमागचं लाल फडकं

१६ डिसेंबर, मंगळवार. गेवराई

फारकतीची वाटणी झाली. स्कूटी मला, ट्रॅक्टर नवऱ्याला. काल वकिलाकडं सही करून आले, तरी जीव थाऱ्यावर न्हाई. अनुदान मिळावं म्हणून ट्रॅक्टर माझ्या नावावर घेतला होता. कागद बदलायला अजून महिना जाईल म्हणतात. तोवर त्या ट्रॅक्टरनं कुणाला उडवलं तर केस माझ्यावरच येणार ना?

वकिलाच्या दारातच त्यांना म्हणाले, "ट्रॉलीमागं लाल फडकं बांधत जा तुमी."

"आता तुला कावून काळजी?"

"नाव माझं हाय म्हणून."

आठ वर्षं ते फडकं मीच बांधलं. दर हंगामाला माझा एखादा जुना परकर फाडून.

आणि आज दिवेलागणीला कामावरून येताना हायवेवर त्यांचाच ट्रॅक्टर पुढं. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना फडकं. ट्रका लई जोरात येत होत्या. मला पुढं निघून जाता आलं असतं. गेले न्हाई. स्कूटीचा इंडिकेटर चालू ठेवला आणि कारखान्याच्या फाट्यापर्यंत मागंमागं गेले. एवढ्या उसातून त्यांना मागचं काय दिसणार?

नावासाठीच गेले मी. दुसरं काय असणार?

महिन्यानं नाव निघेल, मग मला घोर असायचं कारण न्हाई. तरी मघाशी कपाट उघडून लाल परकर काढून ठेवलाय. जुना न्हाई, चांगला हाय.