हिराचा धुक्यातला फोटो

५ ऑगस्ट

पोचले एकदाची कुरवंड्याला! इंदुरीहून निघताना आईने बॅगेत दोन स्वेटर कोंबले तेव्हा मी हसले होते; इथे भर दुपारीच एक चढवावा लागला. आदिनाथदादा लोणावळा स्टेशनवर गाडी घेऊन आले होते. नागफणीच्या कड्याच्या वाटेवर पर्यटकांचे फोटो काढायचे हा त्यांचा धंदा. ते फोटो कॉम्प्युटरवर उजळून द्यायचे हे आजपासून माझं काम. राहायला आणि कामालाही सरूमावशींच्या घराची माडी. मावशी एकट्याच असतात. खिडकी दरीकडे उघडते म्हणे, पण गजांपलीकडे पांढऱ्याशिवाय काही दिसलं नाही. मावशींनी भाकरी आणि घेवड्याची आमटी वाढली नि माझं जेवण होईपर्यंत समोरच बसून राहिल्या. म्हणाल्या, "खा पोरी. लय दिसांनी ह्या घरात कुनीतरी पोटभर जेवतंय."

७ ऑगस्ट

काम आवडतंय. धुक्यातले फोटो म्हणजे मळकी चादर. त्यांचा हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, काढला की मधोमध एक बुटकी टेकडी बसलेली दिसते. डावीकडे काळं नाही, उजवीकडे पांढरं नाही, सगळं करडं. दोन्ही टोकांचे स्लायडर हळूहळू टेकडीच्या पायथ्याशी आणायचे, की टेकडी पसरते आणि फोटो डोळे उघडतो. गवताची पाती सुटी होतात, रेनकोटवरचे थेंब दिसतात, पुसट चेहऱ्याला नाक येतं. हाव करून चालत नाही. फार ताणलं की त्या आलेखाला फणीसारख्या फटी पडतात आणि माणसं कोळशाने काढल्यासारखी दिसतात. आदिनाथदादांनी बजावलंय की जे कॅमेऱ्यात आलंच नाही ते ओढून आणायच्या फंदात पडू नकोस.

आज एका आजोबांचा चेहरा इतका छान निघाला की मी मावशींना हाक मारून दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग धुकं असं कुठलंही काढता येतं का, असं विचारलं.

९ ऑगस्ट

आदिनाथदादा आठवडाभरासाठी कासला गेले, फुलांचे फोटो काढायला. जाताना मला बाजूला घेऊन मावशींच्या मुलीची गोष्ट सांगितली. हिरा. कड्याजवळ भाजलेली कणसं विकायची. दोन वर्षांपूर्वी अशाच धुक्यात शेगडी तशीच पेटती राहिली आणि पोरगी दिसेनाशी झाली. बचाव पथकाने दरी धुंडाळली, चप्पलसुद्धा सापडली नाही. त्याच दुपारी दादांनी एका जोडप्याचा फोटो काढला होता. मागे नुसतं पांढरं. तो उजळून दे म्हणून मावशी तेव्हापासून त्यांच्या मागे लागल्यात. त्यांनी कधी हात लावला नाही. मीही लावू नये म्हणाले. का, ते सांगितलं नाही.

१० ऑगस्ट

मी लावला. मावशी सकाळी माडीच्या जिन्यावर बसून होत्या. "एकडाव दाव, पोरी. माजी हिरा त्यात हाय." नाही म्हणवेना.

दादांच्या जुन्या फाइलींतून तो फोटो उघडला. जोडप्याकडे बघितलंच नाही, मागचं पांढरं तेवढं निवडलं आणि स्लायडर आत आणला. आधी काही नाही. मग एका खांद्याची कड, एक वेणी, हिरव्या ओढणीचं टोक. एक मुलगी. पाठमोरी नाही, आमच्याकडे तोंड करून. तिच्या पायाखाली कडा नव्हता, तो अलीकडेच संपला होता. मावशींनी पडद्यावर तळहात ठेवला आणि रडल्या नाहीत, हसल्या. मी घाईने फाइल सेव्ह केली.

११ ऑगस्ट

तोच फोटो पुन्हा उघडला. हिरा जोडप्याच्या जवळ आली आहे. दुसरी फाइल असेल म्हणून शोधलं, दुसरी नाहीच. मावशींना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. "येतीया. तिला वाट गावली. अजून वाईच उजेड कर."

केला. ती आणखी पुढे आली. ओठ हलल्यासारखे अर्धवट उघडे.

मोबाइलला दोन दिवस रेंज नाही. खिडकीबाहेर धुकं भिंतीसारखं उभं आहे.

१२ ऑगस्ट

केस विंचरताना आरशात बघितलं. केस काळे दिसत नाहीत. करडे. ओठही करडे. स्वतःचा फोटो काढून कॉम्प्युटरवर टाकला. मधोमध बुटकी टेकडी. डावीकडे काही नाही, उजवीकडे काही नाही. स्लायडर ओढून बघितला, मी उजळतच नाही.

मावशींना म्हटलं, मला बरं नाही, घरी जाते. त्यांनी मायेने कपाळाला हात लावला. सकाळी जा म्हणाल्या. मी बॅग भरत असताना बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला. वाऱ्यानं दार आपटतंय, असं त्या पलीकडून म्हणाल्या.

वारा नव्हता.

१३ ऑगस्ट

दार उघडत नाही. ओरडले, गज हलवले. रस्ता एवढ्या जवळ, दुधाच्या गाडीचा आवाज आला, पण माझा आवाज धुक्यातून पलीकडे जातच नाही. मावशी फटीतून भाकरी सरकवतात. रागावत नाहीत. "थोडंच ऱ्हायलं, पोरी. तुलाबी आई हाय की, ती आनंल तुला मागारी." —

आई आहे. म्हणून तर जायचंय मला.

१४ ऑगस्ट

सगळे स्लायडर मागे नेले. हिरा धुक्यात गेली. माझी नखं गुलाबी झाली, खरंच झाली! —

मग खालून रडणं. मावशींचं नाही. कोवळा आवाज. "आई, लय गार हाय गं." मावशी दारावर डोकं आपटत होत्या, "ढकलू नगंस तिला, परत धुक्यात ढकलू नगंस" —

ऐकवेना. थोडासाच आत आणला. ते रडणं थांबावं एवढ्यासाठी. थांबलं.

आता मागे न्यायचाय आणि माऊस बोटांना लागत नाही. बोटं आरपार —

१५ ऑगस्ट

पेन्सिल अजून धरता येते. कशीबशी.

खाली दोघी जेवतायत. हसतायत.

फोटोत फक्त जोडपं. मागे स्वच्छ कडा, गवत. हिरा नाही त्यात.

जिन्यावर पावलं —

कडी काढली. दार उघडं आहे! उघडं आहे आणि मला उठता येत नाही, पाय कुठे आहेत —

हिरव्या ओढणीची मुलगी दारात. चांगली आहे दिसायला. सरळ माझ्याकडे बघतेय. विचारलं तिने, "आई, हितं कोन ऱ्हातं?"

मावशी मागे उभ्या. त्यांनीही बघितलं. खूप वेळ. "कोन न्हाई गं. धुकं आत आलंय. हाकल ते भाईर नि खिडकी लावून घे."

ती ओढणीने वारा घालतेय. मी गजांपाशी सरकतेय, नको, हिरा, मी इथे आहे, माझं नाव रेणु —