टेबल सॉ, लवीना आणि खिळ्यावरची अंगठी

मी, एडविन इनास लोपीस, वय वर्षे सत्तावन्न, मूळ राहणार गिरीज, तालुका वसई, सध्या मुक्काम अल खोर, कतार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणीही कानाशी न बसता लिहीत आहे. येत्या सोमवारी माझं बायपासचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांना भीती वाटत नाही, मलाही नाही. टेबल सॉच्या, म्हणजे लाकूड कापायच्या यंत्राच्या, पात्याला हात लावण्याआधी मी प्लग काढतो, तोही भीतीने नव्हे. हा कागद तसाच समजावा. यापूर्वी मी काही लिहिलं किंवा बोललो असेन तर ते रद्द.

१. गिरीजचं घर, बँकेतली शिल्लक आणि कंपनीकडून जे मिळेल ते सर्व माझी पत्नी लिझी हिचं. आमच्या घरातला भुसा जन्मभर तिनेच झाडला. या कलमावर कोणी तोंड उघडू नये.

२. इथल्या गॅरेजमधला टेबल सॉ माझी मुलगी लवीना हिचा. माझा मेहुणा वॉरेन, राहणार अल मन्सूरा, या यंत्रावर डोळा ठेवून आहे, हे मला ठाऊक आहे. "पोरीला यंत्र कशाला, भावजी?" असं तो माझ्याच टेबलावर जेवताना म्हणाला. एकदा पातं बदलायला मी दोघांना बोलावलं होतं. वॉरेन म्हणाला, "बटन बंद आहे ना, मग खलास." लवीना भिंतीकडे गेली, प्लग उपसला आणि माझ्या डोळ्यांसमोर टेबलावर आणून ठेवला. "नाऊ इट्स ऑफ, डॅडी." माझा निर्णय तिथेच झाला.

लवीना, तुला मराठी कळतं, फक्त उत्तर देत नाहीस. अडलं तर मम्मीला विचार, दोघी मिळून वाचा. पातं लाकडाच्या वर दातांपुरतंच ठेव. बाजूची गाईड पट्टी पात्याशी समांतर आहे का, ते पुढून आणि मागून दोन्हीकडे मोज. पात्याच्या सरळ रेषेत कधी उभी राहू नकोस. शेवटचं टोक ढकलकाठीने सरकव, बोटांनी नाही. पातं पूर्ण थांबेपर्यंत तुकडा उचलू नकोस. हमद पोर्टवरून यंत्रांच्या पेट्यांचं लाकूड येतं, ते फुकट आहे पण लबाड आहे, आत खिळे असतात. आधी चुंबक फिरव.

३. वॉरेनसाठी एक फळी ठेवली आहे. "रेष दिसत नाही" म्हणून त्याने पात्यावरचं झाकण आणि मागची पोलादी पट्टी काढून टाकली होती. कापलेल्या फळीची फट मिटू नये म्हणून ती पट्टी असते. याच फळीची फट मिटली, ती पात्याला आवळली आणि उलटी उडाली. मी त्याला दंडाला धरून ओढलं, म्हणून ती फक्त माझ्या गाडीची काच फोडून थांबली. आजही तो म्हणतो, लाकूड ओलं होतं. काच मी माफ केली आहे. लाकूड कोरडं होतं. फळी त्याने टीव्हीच्या वर लावावी.

४. लग्नाची अंगठी. यंत्रावर अंगठी चालत नाही, हातमोजेही चालत नाहीत. पात्याला एवढंसं काही सापडलं की ते हातासकट ओढतं. म्हणून मी ती स्विचवरच्या खिळ्याला टांगत आलो. लिझीला ते कधी पटलं नाही. "एडविन, लग्नाची अंगठी आहे ती, टोपी नाही," असं ती दर शनिवारी म्हणते. लिझी, तू दुखावलीस ते मला दिसत होतं. पण माझी दहाही बोटं शाबूत आहेत, आणि मला ती बोटं तुझा हात धरायला हवी होती. खिळा उपटू नकोस. लवीनाचा साखरपुडा झाला की तिची अंगठी तिथे लागेल. तिला बोलू नकोस.

सोमवारी मला आत नेताना नर्स अंगठी काढायला लावेल. ती मी तुझ्या हातात देईन. परत आलो तर तूच माझ्या बोटात घाल. मग बरा झाल्यावर ती पुन्हा खिळ्यावर जाईल आणि तू पुन्हा बोलशील. नाही आलो तर शवपेटी बंद होण्याआधी घाल. तिथे मला काही कापायचं नाही. मग ती कधीच काढणार नाही.

वरील मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली.

(सही) एडविन इनास लोपीस

साक्षीदार:
(सही) जोस्लीन, शेजारी, व्यवसाय नर्स
(सही) रामेश्वर, ड्रायव्हर, पेट्यांचं लाकूड हाच आणतो

स्थळ: अल खोर, कतार
दिनांक: शुक्रवार, १७ जानेवारी २०२५