साकेतच्या चार गोष्टी आणि माझा डावा कान

ठाकुर्ली,
गुरुवार

तीर्थस्वरूप अण्णांस,

शिवरामचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा, वहिनींचा खोकला आणि विहिरीजवळच्या पोफळी (याच क्रमाने काळजी वाटते) बऱ्या असतील, असं धरून चालतो. इथे मी आणि मंदाकिनी देवाच्या दयेने ठीक आहोत. फोन असताना पत्र का, असं तुम्हाला वाटेल. त्याचं कारण शेवटी येईल.

महिन्यापूर्वीच्या एका गुरुवारी सकाळी मी देवपूजा आटोपली आणि देवासमोरच्या पाटावरून न उठता कानांत इयरफोन घालून तुमच्या मुलाच्या चुका शोधायला बसलो. तशी तुमची आज्ञाच होती. साकेत चांगली विमा कंपनीतली नोकरी सोडून कळव्याच्या खोलीत माइकशी बोलत बसतो. तो काय बरळतो ते ऐक, मला कळव, आणि समजूत घालून त्याला गणपतीआधी गावी आणून बसव, असं तुम्ही म्हणाला होतात. नोकरी गेली त्याहीपेक्षा बापाला एका शब्दाने न विचारता गेली, हे तुमचं खरं दुखणं. दिवाळीनंतर आठ महिने तुम्ही त्याच्याशी बोलला नाहीत. वहिनी चोरून बोलतात (हे तुम्हाला ठाऊक आहे, हेही त्यांना ठाऊक आहे).

तर त्याचा तो कार्यक्रम. दर गुरुवारी तो एका पाहुण्याशी गप्पा मारतो आणि शेवटी श्रोत्यांना चार गोष्टी सांगतो: या आठवड्यात काय वाचा, काय पाहा, काय ऐका आणि कामाच्या ठिकाणी काय करा. आता आपण आईच्या हाताखाली वाढलेली माणसं. गुरुवारी कुणी चार गोष्टी सांगितल्या की तो नेम होतो, आणि नेम पुढच्या गुरुवारच्या आत पुरा करायचा असतो. मी मनात देवाला साक्ष ठेवून सुरुवात केली. (साकेत पुढे कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, अहो, ती नुसती शिफारस असते!" हे त्याने आधी सांगायला हवं होतं.)

पहिल्या आठवड्यात पक्ष्यांवरचं एक पुस्तक वाचायचं होतं. ते डोंबिवलीच्या वाचनालयात नव्हतं. तिथल्या बाईंनी त्याऐवजी कुक्कुटपालनावरचं दिलं. नेम चुकू नये म्हणून मी ते अथपासून इतिपर्यंत वाचलं. गावाकडे कोंबड्यांना काही झालं तर विचारा. पाहण्यासाठी एक परदेशी चित्रपट होता, त्यात एक म्हातारा दोन तास आमटी ढवळतो. मंदाकिनी म्हणाली, "बघा, तो निदान ढवळतो तरी." त्या आठवड्यापासून आमटी माझ्याकडे आहे. आणि काम काय, तर आपलं टेबल पूर्ण रिकामं करा. मी वागळे इस्टेटमधलं आमच्या स्टोअरचं टेबल इतकं मनापासून रिकामं केलं की त्यात गेटपासचं पुस्तकही रद्दीत गेलं, आणि माल भरलेले दोन ट्रक संध्याकाळपर्यंत फाटकाच्या आतच उभे राहिले. साहेब जे काय म्हणाले ते नेमकं माझ्या डाव्या बाजूला उभे राहून म्हणाले. या बाजूचं महत्त्व आता सांगतो.

मागे फोनवर मी तुम्हाला कळवलं होतं की मुलगा निरुपद्रवी आहे, कार्यक्रमात तो तोंडातून शब्द काढत नाही, पाहुणेच न विचारता उत्तरं देत सुटतात. ते चूक होतं. समोरासमोर बसल्यासारखं वाटावं म्हणून त्याने गप्पांमध्ये स्वतःचा आवाज डाव्या कानात आणि पाहुण्याचा उजव्या कानात ठेवलेला असतो. शेवटच्या चार गोष्टी तेवढ्या दोन्ही कानांत येतात. मला वाटलं, इयरफोनची डावी बाजू मुकी आहे. स्टेशनजवळच्या दुकानात जाऊन मी ते बदलून आणले. दुसरेही तसेच निघाले. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा जरा आवाज चढवला, माणसाने फसवावं किती, वगैरे. दुकानदाराने शांतपणे ती डावी गुंडी स्वतःच्या कानात घातली, थोडा वेळ मान डोलावली आणि म्हणाला, "काका, मस्त वाजतंय. आता कान बदलून आणा."

अण्णा, पाच वर्षं मंदाकिनी मला कान दाखवा म्हणून सांगत होती. किंवा तसं ती म्हणते. मला ते अर्धंच ऐकू आलं असणार.

गेल्या रविवारी मी तुमचा निरोप घेऊन कळव्याला गेलो. साकेतने स्वतः पोहे केले (मीठ बेताचं, मुलगा संसाराला योग्य आहे). खोली म्हणजे एक खाट, एक माइक आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतीला टांगलेल्या गोधड्या. त्यातली एक आईच्या हातची, लाल काठाची. मी घसा साफ करून मोठ्या आवाजात विचारलं, "बापाला न विचारता नोकरी का सोडलीस रे?"

त्याने पोह्यांची बशी खाटेवर ठेवली. "काका, विचारलं होतं. दिवाळीत, पाडव्याच्या दुपारी. बाबा पडवीत झोपाळ्यावर बसलेले, मी शेजारी. अर्धा तास बोललो. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा मान हलवली. मला वाटलं, किती मोठ्या मनाचे आहेत. कळव्याला आलो आणि राजीनामा दिला."

"त्यांच्या कुठल्या बाजूला बसला होतास?"

त्याने डोळे मिटून पडवी आठवली. "डाव्या."

मला ती मान माहीत आहे, अण्णा. आपल्या घरात ऐकू आलं नाही तर "काय?" असं विचारत नाहीत, ते कमीपणाचं. मान हलवतात. आपल्या आबांनी अशीच मान हलवून एकच गाय दोघांना कबूल केली होती. मी आमच्या सोसायटीच्या सभेत अशीच हलवली आणि सेक्रेटरी झालो. तुम्ही हलवलीत आणि मुलगा आशीर्वाद समजून कळव्याला परतला. मग तुमचा अबोला कशासाठी ते त्याला कळेना, आणि त्याचा उद्दामपणा कुठून आला ते तुम्हाला कळेना. मुलाने विचारलं होतं, अण्णा. सगळ्यात आधी तुम्हालाच विचारलं होतं.

गेल्या गुरुवारची चौथी गोष्ट होती: वर्षभर टाळलेलं एक काम उरकून टाका. या मंगळवारी मी ठाण्याला कोपरीतल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि डाव्या कानात शेंगदाण्याएवढं यंत्र बसवून आलो. बुधवारी पूजेला घंटा वाजवली. ती आईची, तुम्ही मला दिलेली. वाजवून खाली ठेवली, तरी ती थांबेना. बारीक, लांबवर, पाण्यावर तरंग जावा तशी वाजत राहिली. इतकी वर्षं मी तिचा शेवट न ऐकताच गंध उगाळायला घेत होतो. मी हात जोडून ती पूर्ण संपेपर्यंत बसलो. मग स्वयंपाकघरातून आवाज आला. मंदाकिनी पोळ्या लाटताना पुटपुटते, अशी माझी समजूत होती. ती पुटपुटत नव्हती. मी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत होती, सगळ्यांची, नीट.

देवाचे उपकार आहेत, आणि तुमच्या मुलाचेही. मी त्याला सुधारायला गेलो होतो. त्याला गावी आणून बसवणं माझ्याने होणार नाही. आज सकाळी त्याचे पहिल्यापासूनचे सगळे कार्यक्रम पुन्हा ऐकायला घेतले. तो फार चांगले प्रश्न विचारतो, अण्णा. विचारून गप्प बसतो, समोरच्याचं पुरतं होऊ देतो. हे त्याने आपल्या घरात कुणाकडून घेतलं, देव जाणे.

वहिनींना नमस्कार. तुमचा आशीर्वाद असावा.

तुमचा,
शिवराम

ता. क. पुढच्या आठवड्यात शनिवारी साकेत मित्राची गाडी घेऊन तुम्हाला न्यायला पहाटेच पोहोचेल. तुम्ही मागे ऐसपैस बसायला जाल, तसं करू नका. पुढे त्याच्या शेजारी बसा. गाडी चालवणारा तुमच्या उजव्या हाताला येतो. ठाण्यापर्यंत सहा तासांचा रस्ता आहे. पाडव्याचं सगळं तो पुन्हा पहिल्यापासून सांगणार आहे.

आणखी एक. त्यानंतरच्या सोमवारी सकाळी दहा वाजता कोपरीत त्याच डॉक्टरीणबाईंकडे तुमचं नाव नोंदवून आलो आहे. मला न विचारता का, असं म्हणू नका. रविवारी फोनवर मी सविस्तर विचारलं होतं. तुमच्या उजव्या हातात अडकित्ता असणार, म्हणजे फोन डाव्या कानाला. तुम्ही दोनदा "हं" म्हणालात. मी तो होकार धरला.