सुई कोण उचलतं?

काल्गूर्ली
६ मे १९९१

ती. डॅरिलदादा,
सा. न. वि. वि. नमस्कार केवळ रिवाज म्हणून केला आहे, कारण सध्या माझ्या मनात तुझ्याबद्दल फारसा आदर नाही.

गेल्या महिन्यात खाणीच्या कँटीनमध्ये कांदे चिरत होते, रेडिओ चालू होता, आणि एकाएकी त्यातून आपला धाकटा ट्रेव हसला. तो हसला, मागून कुत्रं भुंकलं, मग माझे ड्रम्स आणि तुझी गिटार. हातातली सुरी हातातच राहिली. आपल्याकडच्या गॅरेजांत धिंगाणा घालून विसरल्या गेलेल्या बँडांचं म्हणे संकलन निघालं आहे. मी ते मागवलं. आपल्या तिघांच्या बँडचं ‘रविवारी नको’ दुसऱ्या बाजूला आहे. कव्हरच्या पाठीवर छापलंय की मूळ टेप सापडली नाही, म्हणून जुन्या तबकडीवरूनच गाणं उतरवून घेतलं, आणि तबकडी दिल्याबद्दल पॅस्को कुटुंबाचे आभार.

पॅस्को म्हणजे आपणच ना, मग आपल्यातलं कोण, दादा? न खपलेल्या तबकड्यांच्या पेट्या बाबांनी रागाच्या भरात कचरा डेपोवर नेऊन टाकल्या. माझी तबकडी मी गाडीत उन्हात विसरले, तिचा पन्हळी पत्रा झाला. तुझी तू ट्रेवच्या शवपेटीत ठेवलीस, असं मला सांगितलंस. ते ऐकून मी किती रडले होते!

आणखी एक सांगते. ट्रेवच्या हसण्यावर भयंकर खरखर आहे. तुझी गिटार सुरू झाली की आवाज लख्ख. म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं हसण्यावर सुई ठेवायचं आणि गाणं सुरू झालं की उचलायचं. मोटरसायकलच्या अपघातात ट्रेव गेला, त्यानंतर त्याचा आवाज माझ्याकडे कशातच उरला नव्हता. त्याचा आवाज विसरत चाललेय असं मी तुला फोनवर सांगितलं होतं. तेव्हाही तू ती तबकडी दडवून गप्प बसलास?

खरं लिहिलंस तर लोभ आहे.
नोलीन

पोर्ट केम्बला
१७ मे १९९१

चि. नोलीन,
शिव्या खाऊनही अनेक आशीर्वाद.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पन्हळी पत्र्याची ती गोष्ट मला पहिल्यापासून पटलेली नाही. ज्या बाईनं घर बदलताना साधी लाटण्याएवढी ड्रमची काडी टाकली नाही, ती तबकडी उन्हात विसरते? मला वाटतं तूच ती गुपचूप दिलीस आणि आता कांगावा करते आहेस.

माझी तबकडी ट्रेवच्या हाताखाली आहे. मी स्वतः ठेवली. आणि डोकं असेल तर विचार कर, माझ्याकडे ती असती तर मी माझी गिटार झिजवली असती! तो तुकडा वाजवायला मला बोटांची सालटी काढावी लागली होती. तो येण्याआधी मी सुई उचलेन?

संकलन काढणाऱ्यांना पत्र टाकलं आहे, उत्तर नाही. रविवारी जेवताना बाबांपुढे विषय काढून पाहिला. ते म्हणाले, त्या गोंगाटाचं नाव या टेबलावर नको, आणि मटणावर घालायचा पुदिन्याचा सॉस मागितला. जेवून लगेच मागच्या शेडमध्ये गेले. हल्ली त्यांनी शेडला कुलूप घातलंय, म्हणतात, शेजारी अवजारं पळवतात. म्हातारपणी सगळं जगच चोर वाटतं बहुतेक. तू अजून म्हातारी झालेली नाहीस, एवढं लक्षात ठेव.

लोभ होता, पुढचं तुझ्या उत्तरावर.
डॅरिल

काल्गूर्ली
२७ मे १९९१

ती. दादा,
सा. न.

गिटारचा मुद्दा मांडलास छान, पण मला तू चांगला ठाऊक आहेस. लहानपणी बिस्किटं खाऊन डब्याचं झाकण नीट लावून ठेवणारा तूच.

मला भांडायचं नाही. मला फक्त ते हसणं कमी खरखरीचं हवं आहे, आणि ते ज्याच्याकडे इतकी वर्षं होतं त्यानं कबूल करायला हवं. ते होईपर्यंत मी तिकडे पाय ठेवणार नाही. बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसालाही येणार नाही. कारण त्यांना तूच सांग.

लोभाचं काही लिहवत नाही.
नोलीन

पोर्ट केम्बला
६ जून १९९१

चि. नोलीन,
अनेक आशीर्वाद. पत्रं लिहिणं हे तुझ्या आईचं काम होतं, मला जमत नाही.

पेट्या मी डेपोवर टाकल्या ते बरोबरच केलं. गॅरेज गाडीसाठी असतं. टाकताना एक पेटी फुटली आणि एक तबकडी गाडीच्या सीटखाली घरंगळली. परत जाऊन ती तेवढी टाकली नाही, एवढंच. ट्रेव गेल्यावर एक जुना प्लेअर आणून शेडमध्ये ठेवला. गाणं मला तेव्हा आवडलं नव्हतं आणि अजूनही आवडत नाही. पोरगा हसतो तेवढं ऐकतो. डॅरिलचं ते पत्रा खरवडणं सुरू झालं की सुई उचलतो आणि पुन्हा मागे ठेवतो.

असं करता करता हसणं विरत चाललं. तेवढ्यात टेलिफोनच्या पुस्तकात पॅस्को शोधत मेलबर्नच्या एका माणसाचा फोन आला. त्याला डॅरिल हवा होता. मी म्हटलं, काय हवंय ते मला सांगा. तो म्हणाला, आमच्याकडे खरखर काढायचं यंत्र आहे. म्हणून दिली. माझं नाव छापू नका, कुटुंब लिहा, असं मीच सांगितलं. खरखर थोडी निघाली. बाकीचं मी झिजवलेलं आहे, ते कुठून परत येणार?

डॅरिलनं तुझी पत्रं मला वाचून दाखवली. तुला त्याचा संशय आला, त्याला तुझा आला. माझा मात्र दोघांपैकी कुणालाच आला नाही. ते मला फार लागलं, पोरी.

वाढदिवसाला ये. शेडचं कुलूप काढून ठेवतो.

लोभ असू दे.
तुझे बाबा